कानबाईच्या रविवारची रवण

नागोबा एकच, पण मराठी माणसाकडे तो श्रावणाच्या चांदण्या पंधरवड्यात येतो आणि गुजराती माणसाकडे अंधाऱ्या पंधरवड्यात. धनश्री सुरतेत जन्मली, गुजराती शाळेत शिकली, तेव्हा हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. एरवी गोडादऱ्याच्या सासरच्या घरात मराठी कॅलेंडर असायचं. यंदा खाडीचं पाणी कमरेइतकं आत शिरलं आणि त्याचा लगदा झाला. उरलं ते साडीच्या व्यापाऱ्याने दिवाळीला दिलेलं गुजराती कॅलेंडर, वरच्या खिळ्याला होतं म्हणून वाचलेलं. सासूने पंचमी कधी आहे म्हणून विचारलं तेव्हा धनश्रीने त्यातच पाहून सांगितलं. मंगलाबाई एरवी चंद्राकडे बघून तिथी सांगते, पण यंदा आषाढभर आभाळ असं गच्च होतं की चंद्र कुणाला दिसलाच नाही.

पंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरात कानबाई बसते, म्हणजे नारळाला नथ आणि लुगडं लेववून देवीची स्थापना होते. त्या हिशेबाने अजून पुष्कळ वेळ आहे असं धरून दोघींनी भुरी कोंबडीला रवणीला बसवलं होतं, म्हणजे अंडी उबवायला. कानबाई येईपर्यंत पिल्लं फुटतील, थोडी मोठी होतील, मग कानबाईच्या घरात कोंबडी चालत नाही म्हणून सगळ्यांना डालग्याखाली घालून आठवडाभर शेजारच्या मीराबाईंकडे नेऊन ठेवता येतील, असा सगळा बेत होता.

चंचलने बारडोलीहून फोन केला आणि बेत मोडला. चंचल म्हणजे धनश्रीची नणंद. परवा येते, नारळाच्या नथीला मोती गुंफून ठेवलेत का, एवढंच तिने विचारलं होतं. धनश्रीने फोन कानाला तसाच धरून कॅलेंडरकडे पाहिलं आणि तिला आठवलं, यातली पंचमी पंधरा दिवस उशिराची. फोन ठेवून ती मागच्या परसात गेली. मंगलाबाई जिन्याच्या पायरीवर बसून तांदळाची कणी पाखडत होती. धनश्रीने तिला झालं ते सांगितलं. म्हातारी रागावली नाही. सूप तिने बाजूला ठेवलं.

"अंडा कव्हय फुटतीन?"

"रविवारे."

"आनि कानबाई?"

"रविवारेच, माय."

मंगलाबाईने जिन्याच्या वळणावरच्या खोक्याकडे पाहिलं. धनश्रीच्या नवऱ्याने, गोपालने, लूमच्या कारखान्यातून आणलेला तो बॉबिनचा खोका, त्यात भाताचं तूस, त्यावर भुरी पंख पसरून डोळे अर्धे मिटून बसलेली. बाकीच्या कोंबड्या मीराबाईंकडे नेता येतात, पण अशा कोंबडीला आता हलवायची सोय नसते. जागा बदलली की ती उठते, आणि एकदा उठली की अंडी गार पडतात.

*

ती अंडी साधी असती तर धनश्रीने डोळे पुसून ती टाकून दिली असती. पण ती शेवटची होती.

लग्न होऊन आल्यावर बरीच वर्षं ती साडीला खडे चिकटवायची. गठ्ठा घरी यायचा, मांडीवर साडी पसरून मान खाली घालून एकेक टिकली लावायची. मान गेली, मग डोळे चुरचुरायला लागले. तेव्हा मंगलाबाईने पारोळ्याकडच्या आपल्या माहेरून एक कोंबडा आणि तीन तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या कोंबड्या, आणून दिल्या. भावजयीकडे तीच जात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, अंगाने लहान, पायाने काटक.

पहिला मे महिना आला तेव्हा पत्र्याखाली कोंबड्या चोच उघडून धापा टाकायला लागल्या. धनश्रीने खुराड्यावर ओली पोती घातली, पाण्यात कांदा चिरून टाकला, दुपारचं दाणे घालणं बंद केलं आणि सकाळ-संध्याकाळवर आणलं. पावसाळ्यात जमीन ओली राहिली की पिल्लांची विष्ठा तांबडी व्हायची, तेव्हा ती राख आणि चुना पसरायला शिकली. हिवाळा त्या मानाने सोपा. पिल्लांवर दिवा लावला की झालं. पण जानेवारीत उत्तरायणाचा मांजा परसात येऊन पडायचा, आणि पहिल्याच वर्षी एका तलंगीच्या पायाला त्याने करवतीसारखं कापलं. तेव्हापासून पतंगाच्या दिवसांत धनश्री हातात काठी घेऊन परस झाडत फिरते आणि गल्लीतली पोरं तिला मांजावाली भाभी म्हणतात. कोंबड्यांना मानमोडीचा रोग होऊ नये म्हणून दवाखान्यातून आणलेले थेंब ती स्वतः एकेकीच्या डोळ्यात घालते. आता आजूबाजूच्या बाळंतिणींच्या घरची माणसं देशी अंड्यासाठी तिचंच दार शोधत येतात. खड्यांचा गठ्ठा तिने केव्हाच बंद केला होता.

आणि मग खाडी चढली. खाडीपूर सुरतेला नवा नाही, पण या वेळी पाणी पहाटे आलं आणि खुराडं खाली होतं. पाच कोंबड्या तेवढ्या छपरावर नेता आल्या. कोंबडाही वाचला, पण पाणी ओसरल्यावर छाती भरून आठवड्यात मेला. त्याच्या मागे भुरी खुडूक झाली. धनश्रीने त्या दिवसांतली सगळी अंडी तिच्या पोटाखाली सारली. यातून एखादा नर निघाला तर ही जात पुढे चालेल, नाहीतर पाच कोंबड्या म्हाताऱ्या होऊन मरतील आणि ती पुन्हा साडी मांडीवर घेऊन बसेल. पारोळ्याकडे दुसरा कोंबडा मागायला जावं तर मंगलाबाईची भावजय दोन वर्षांपूर्वी गेली आणि तिच्या सुनांनी पांढऱ्या ब्रॉयलरची शेड टाकली. म्हणून ती अंडी साधी नव्हती.

*

शनिवारी दुपारी भूपेंद्र आला. मंगलाबाईचा हा मोठा मुलगा भेस्तानला फ्लॅटमध्ये राहतो, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्याबरोबर बायको सोनाली आणि बळीराम काका. धुडकू, म्हणजे मंगलाबाईचा नवरा, गेल्यापासून बळीराम काका भाऊबंदात सगळ्यांत मोठे. कानबाईच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि हे ते कुणाला विसरू देत नाहीत.

कोंबडीची बातमी त्यांना रस्त्यातच लागली होती. चंचलच्या पोटात काही राहत नाही हे तिचा नवरासुद्धा मान्य करतो.

काका खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि सरळ मुद्द्यावर आले. "वहिनी, कानबाई बसस त्या घरमा कोंबडी चालाव नही. आपला बापदादासनी कधी चालू दिनी नही."

भूपेंद्रने मग आपलं म्हणणं मांडलं. त्याची तयारी चांगली होती, वाटेत मनातल्या मनात दोनदा बोलून झालेलं असावं. भेस्तानचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथे खाडी येत नाही. फरशी आहे, हॉल मोठा आहे. एक वर्ष कानबाई तिकडे बसू द्या. काकांनी मान हलवली, म्हणजे वाटेत त्यांच्याशीही बोलणं झालेलं होतं. या घराण्यात कानबाईचा मानाचा नारळ जिथे शेवटचा बसला तिथेच पुढे बसतो, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. एक वर्ष म्हणजे कायमचं. धुडकूने तो नारळ गावाहून मांडीवर घेऊन आणला होता आणि हे घर बांधलं तेव्हा देवळी आधी कोरली, भिंती नंतर.

"पूर आला तेव्हा मी कंबरभर पाण्यातून आलो होतो," भूपेंद्र म्हणाला. "नारळ डोक्यावर धरून या जिन्यावर उभा होतो. पुढच्या वर्षी मला उशीर झाला तर?"

तो बोलला ते खोटं नव्हतं.

गोपाल दाराशी उभा होता. धाकटा भाऊ, रात्रपाळी करून आलेला, अंगावर अजून लूमचा कापूस. भांडण सुरू झालं की गोपाल जो मोठ्याने बोलतो त्याच्या बाजूने जातो, ही त्याची जुनी सवय, आणि आत्ता मोठ्याने भाऊ बोलत होता. भाऊ म्हणतो त्यात तथ्य आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. धनश्रीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं.

काकांना तेवढ्यावर थांबवेना. रविवारी पिल्लं फुटली तर घरात जन्म झाला असं होईल, मग सुवेर धरायची की नाही तेही बघावं लागेल, असं त्यांनी गंभीरपणे काढलं. भाऊबंदात मूल जन्मलं की सुवेर लागते आणि कानबाई बसत नाही हे खरं. पण कोंबडीचं बाळंतपण भाऊबंदात धरण्याइतकं पुढे आजवर कुणी गेलेलं नव्हतं. सोनालीने तोंडाला पदर लावला.

मंगलाबाई हसली नाही. तिने विचारलं, "भाऊजी, गावले व्हतूत तव्हय श्रावणमा गाय व्यायनी व्हती. कानबाई उठाडी व्हती का आपन?"

"गायनी गोट न्यारी शे."

"गाय भाऊबंदमा नही, मंग कोंबडी कशी?"

मग काकांनी सुवेर सोडून दिली, पण सगळंच सोडलं तर मान कसा राहणार. उद्या कोंबडीला हात लावेल त्या बाईने कानबाईला शिवायचं नाही, चुलीजवळ यायचं नाही, विसर्जन होईपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही. हे मान्य असेल तर कोंबडी जिन्यावर राहू दे. नसेल तर नारळ आत्ताच्या आत्ता भेस्तानला.

भुरीला दाणापाणी दिवसातून एकदा तरी हाताने द्यावं लागतं, आणि पिल्लं फुटायला लागली की कुणीतरी जवळ हवंच, नाहीतर मांजर टपलेली. म्हणजे घरातल्या एका बाईने उद्या बाहेर बसायचं. कोण, ते कुणी विचारलंच नाही. सगळे धनश्रीकडे बघत होते.

"मी बठसू परसमा," ती म्हणाली. "कोंबडी मनीच शे."

"ए बराबर छे," गोपाल गुजरातीत म्हणाला. लूमवर मुकादमाला म्हणतो तसंच, पटकन, सुटल्यासारखं.

धनश्रीचं तोंड उतरलं. बाहेर बसण्याचं तिला एवढं वाटलं नाही. खाडीचा चिखल तिने एकटीने उपसला होता, देवळी घासून पांढरी केली होती, कानबाईच्या लुगड्याला काठ शिवला होता. ते सगळं करून उद्या गाण्यांचा आवाज जिन्यावरून ऐकायचा, आणि नवऱ्याला ते बरोबर वाटलं. तिला फार वाईट वाटलं.

*

मंगलाबाईने हे पाहिलं. तिला सुनेच्या तोंडाकडे बघून समजत नाही असं या घरात फारसं काही नाही.

लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी कानबाईच्या नारळाला नथ तिनेच घातली होती. डोळे काजळाने काढायचे, नथ अडकवायची, पदर असा लावायचा की वारा आला तरी ढळू नये. सुना शेजारी उभ्या राहून बघायच्या. हात लावू का, असं धनश्रीने एकदा विचारलं होतं तेव्हा तिने पुढच्या साली म्हणून टाळलं होतं, आणि पुढच्या सालीही. कानबाई आपल्या हातातून गेली तर आपलं या घरात काय उरलं, अशी भीती तिला होती. ती भीती तिने कुणाला सांगितली नव्हती.

आता भीती वाटली तरी तिने तोंड उघडलं.

"धनश्री नही बठाव. कोंबडीजोडे मी बठसू."

काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. भूपेंद्र म्हणाला, "माय, मग कानबाई कोण बसवणार?"

"सुना बसाडतीन. दोन दोन सुना शेतस ना माले."

यावर भूपेंद्रने घाईने सांगितलं की मान मोठ्या सुनेचा, आणि मोठी सून सोनाली, तेव्हा तिच्याच घरी बसवली तर काय बिघडलं. आता सोनालीकडे सगळ्यांनी पाहिलं. सोनाली नंदुरबारची, बोलायला कमी. नवऱ्याने फ्लॅटचा बेत सांगितल्यापासून गेले पंधरा दिवस तिने वेगळाच हिशेब केला होता. भाऊबंदाची चाळीस-पन्नास माणसं त्या फ्लॅटमध्ये, न्हाणीघर एक, खालच्या मजल्यावरचे शेजारी ढोलकी वाजली की वर येणारे, आणि पुरणाचा सगळा घाट तिच्या एकटीच्या डोक्यावर. नवऱ्याने तिला विचारलं नव्हतं. आत्ताही विचारत नव्हता, सांगत होता.

"नथ मी घालीन," ती म्हणाली. "पण पदर धनश्रीनेच लावायचा. माझ्या हाताने तो नारळावर राहत नाही. आणि दोघींना एकाच घरात बसून करावं लागेल, तर इथेच करू."

भूपेंद्र बायकोकडे बघतच राहिला. चंचल तेवढ्यात पिशव्या घेऊन आत आली होती. तिने सगळं ऐकलं आणि लगेच आईच्या बाजूने उभी राहिली. तिला भाऊबंदात मत नाही, लग्न झालेल्या लेकीला कानबाईच्या प्रसादाचे रोटसुद्धा खाता येत नाहीत, पण म्हणून तिने तोंड कधी बंद ठेवलेलं नाही. माय बाहेर बसणार तर आपण दोघी मिळून बाहेरच्या, असं ती म्हणाली आणि आईच्या पाठीवर थाप मारली.

काकांनी सगळीकडे पाहिलं. त्यांची अट पाळली गेली होती, तेव्हा त्यांना नाराज व्हायला काही जागा राहिली नाही. "बसाडा मंग आठेच," ते म्हणाले, आणि चहा मागितला.

गोपालला काहीतरी उमगलं असावं. चहाचा कप धनश्रीने त्याच्यापुढे नुसता ठेवला, हातात दिला नाही, एवढं त्याला पुरलं. कप तसाच टाकून तो उठला, कोपऱ्यातली ताडपत्री घेतली आणि आईसाठी जिन्यावर आडोसा बांधायला गेला.

*

रविवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या दारातून पुरणाचा, तुपाचा, लाल भोपळ्याच्या भाजीचा वास, मागच्या परसात पावसाची भुरभुर आणि ताडपत्रीखाली मंगलाबाई. भुरी सकाळपासून अस्वस्थ होती. खाण्यापिण्याला उठत नव्हती, पंखाखालून बारीक आवाज येत होता. मंगलाबाई कान लावून ऐकायची आणि परत मागे सरकायची. या वेळी माणसाने हात घालायचा नसतो हे ती लहानपणापासून जाणत होती.

आतली गाणी तिला ऐकू येत होती. मधेच एक ओळ चुकली, कुणीतरी हसलं, मग धनश्रीने ती बरोबर उचलून धरली. मंगलाबाई आपल्या जागेवरून हलक्या आवाजात त्यांच्यामागे म्हणत होती. नथ नीट बसली असेल का, हा विचार तिच्या मनात सारखा येत होता.

दिवेलागणीला भूपेंद्र ताट घेऊन आला. ताट त्याने पायरीवर ठेवलं, चार पायऱ्या खाली बसला. आईला शिवायचं नव्हतं, उद्या त्याला मिरवणुकीत पुढे चालायचं होतं.

तो म्हणाला, नथ सोनालीने घातली, जरा वाकडी आहे, पण चांगली दिसते. मंगलाबाईने वाकडी का म्हणून विचारलं नाही. तिने पुरणपोळीचा घास मोडला.

"पुराच्या दिवशी मी तुला न्यायला आलो होतो," भूपेंद्र म्हणाला. "नारळ न्यायला नव्हतो आलो. तू छपरावर कोंबड्या घेऊन बसलीस, पण माझ्याबरोबर आली नाहीस. पाच वर्षं झाली फ्लॅट घेऊन. एक रात्र राहिली नाहीस तू तिथे. मला वाटलं, कानबाई तिकडे बसली की तुला यावंच लागेल."

घास तिच्या हातात तसाच राहिला. या पोराने लहानपणापासून हट्ट कधी केला नाही, हवं ते दुसऱ्याच वाटेने मागायचा. नवीन पाटी हवी असली की जुनी हरवली म्हणायचा. ती हे विसरली होती. मोठा झाला, मिशा आल्या, फ्लॅट घेतला, म्हणून त्याला आता आईचं काही लागत नसेल असं तिने धरून चाललं होतं. तिला त्याची माया आली आणि स्वतःचा रागही आला.

"भूपेंद्र," ती म्हणाली, "कानबाईना नावखाल माले नको बलाऊ. माले बलाव. मी येसू."

"खरंच येशील?"

"पिल्ला जराशा मोठा व्हवू दे. मंग येसू. आनि रिकामा हाते नही येवाव."

त्याने मान खाली घातली आणि हसला. त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत कोंबड्या चालणार नाहीत, सोसायटीचा सेक्रेटरी कटकट करेल, असं त्याने आधीच सांगून टाकलं. मंगलाबाई म्हणाली की ती अंडी म्हणत होती, कोंबड्या नव्हे. पण ते पटकन म्हणाली नाही, आधी थोडा विचार केला.

तेवढ्यात भुरीने अंग हलवलं आणि तिच्या छातीखालून एक ओलं, काळपट डोकं बाहेर आलं. भूपेंद्र उठून दोन पायऱ्या वर चढला, मग आठवण होऊन थांबला. तिथूनच मान लांब करून पाहत राहिला. खाली जाऊन धनश्रीला सांगू का, असं त्याने विचारलं. सांग म्हणून मंगलाबाईने हात केला. तो ओल्या परसातून धावतच गेला, आणि क्षणभराने आतल्या गाण्याचा आवाज एकदम वाढला.

*

सोमवारी सकाळी विसर्जन, म्हणजे नारळ तापीत बुडवून परत देवळीत आणायचा. पाऊस थांबला होता. भुरीच्या अंगाखाली, अंगावर, खोक्याच्या कडेला पिल्लं होती. दोन अंडी गार राहिली, बाकी सगळी फुटली. नर किती आणि माद्या किती हे आत्ता कुणाला सांगता येत नाही. तरी एक पिल्लू दुसऱ्यांना तुडवत सगळ्यांच्या पुढे येत होतं, आणि मंगलाबाईने मनाशी त्याला नर ठरवून टाकलं होतं.

पुढच्या दाराशी डफ वाजायला लागला. बायकांची घाई, चौरंग उचलताना कुणीतरी सांभाळा म्हणाल्याचा आवाज. कानबाई धनश्रीच्या डोक्यावर असणार आणि सोनाली बाजूला कळशी घेऊन. मंगलाबाई जिन्यावर उभी राहिली. तिथून पुढचा रस्ता दिसत नाही, मधे मीराबाईंचं घर येतं. इतक्या वर्षांत कानबाई घराबाहेर पडताना तिने पाहिली नाही असं कधी झालं नव्हतं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे जड गेलं. घर रिकामं झालं, दारातली गर्दी हलली. डफाचा आवाज कोपऱ्यापर्यंत गेला, मग कमी झाला. मिरवणूक मोठ्या रस्त्याला लागली असणार, तिथून पुढे तापीकडे.

ती खाली बसली. पिल्लं खोक्याबाहेर घसरत होती, तिने ती एकेक करून ओंजळीत घेतली, म्हणजे निदान पायरीवरून पडणार नाहीत.

आवाज पुन्हा वाढला तेव्हा तिला आधी समजलं नाही. मग डफ मागच्या बोळातून येऊ लागला. हा बोळ एका माणसापुरता, यातून कधी कुणाची मिरवणूक गेलेली नाही. परसाच्या मागच्या फाटकाची कडी खडखडली. फाटक उघडून भूपेंद्र आत आला, घामाघूम, त्याच्यामागे डफवाला अंग चोरून, आणि त्याच्यामागे धनश्री. डोक्यावर चौरंग, दोन्ही हात वर, दंडापर्यंत हळदीने पिवळे. नथ वाकडी होती. पदर मात्र जागचा हलला नव्हता.

बोळात बळीराम काकांचा आवाज येत होता. वाट कोणी बदलली, असं ते विचारत होते, आणि चंचल त्यांना काहीतरी सांगत होती. भूपेंद्र मागे वळून म्हणाला, "मी बदलली, काका."

धनश्री जिन्याच्या पायथ्याशी येऊन थांबली. हात लागू नये म्हणून तिने मधे अंतर ठेवलं आणि हळूच गुडघ्यात वाकली, म्हणजे कानबाईचं तोंड सासूच्या तोंडासमोर येईल.

मंगलाबाई गडबडून उठली. तिला नमस्कार करायचा होता, पण दोन्ही हात पिल्लांनी भरलेले होते. ठेवायला वेळ नव्हता आणि जागाही नव्हती.

"माय, तशीच," धनश्री म्हणाली.

मंगलाबाईने ओंजळ तशीच छातीशी धरली आणि मान खाली घातली. पिल्लं तिच्या बोटांतून डोकी काढून ओरडत होती. डफवाल्याने डफ वाजवायचा थांबवला, आणि मागे बोळात उभ्या असलेल्या बायकांनी गाणं सुरू केलं.